निर्लेखनाच्या यादीतील सभागृह

धुळ्यातील आमच्या वास्तुविशारद कार्यालयाने आजवर बंगल्यांची कामे फार थोडी केली. नगरपालिकांची सभागृहे, वाचनालये, शाळा, ग्रामीण दवाखाने, बाजार समित्यांची कार्यालये आणि लिलावाचे ओटे यांच्यावरच या कार्यालयाचे पोट चालले. सरकारी देयके किती उशिरा निघतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते कसे चालले असेल याची कल्पना येईल. गेल्या वर्षी एका शासकीय विभागाच्या पॅनेलवर नाव नोंदवण्यासाठी अर्ज करायचा होता आणि त्यातील 'संस्थेचा संक्षिप्त इतिहास' हा रकाना भरण्याचे काम माझ्याकडे आले होते. अशा रकान्यांत सगळ्याच संस्था सारखेच काहीतरी लिहितात, म्हणजे स्थापनेचे साल, वार्षिक उलाढाल, पूर्ण केलेल्या कामांचे चौरस मीटर आणि उद्घाटनाची छायाचित्रे. त्यामुळे मी ते काम पुढे ढकलत होते.

त्याच सुमारास तापीच्या उत्तरेकडील एका तालुक्याच्या गावाहून नगरपालिकेचे पत्र आले. १९६० च्या दशकात बांधलेले सभागृह आणि त्याला लागून असलेली अभ्यासिका धोकादायक ठरवून दोन्हींच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला होता. मूळ नकाशे दप्तरी आढळून येत नाहीत, आपल्याकडे असल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात आणि समितीच्या पाहणीच्या दिवशी आपला प्रतिनिधी उपस्थित ठेवावा, असे त्यात म्हटले होते. निर्लेखन म्हणजे मालमत्ता नोंदवहीतून ती वास्तू कमी करणे. ते एकदा झाले की पाडकामाचा लिलाव पुकारायला फारसा वेळ लागत नाही.

नकाशे दप्तरी न सापडणे यात नवल काहीच नाही. मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, अभियंत्यांच्याही बदल्या होतात. कंत्राटदाराचे शेवटचे देयक निघाले आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप मिटले की बांधकामाची नस्ती कोणाच्याच कामाची उरत नाही. ठरलेली मुदत संपल्यावर ती नष्ट करावयाच्या गठ्ठ्यात जाते. इमारत मात्र आपल्या नस्तीपेक्षा कितीतरी जास्त वर्षे उभी राहते. तिच्या पायाखाली काय आहे, कोणत्या भिंतीवर भार आहे आणि कोणती भिंत नुसती आडोशाची आहे, हे सांगणारे कागद मग ज्याने नकाशा काढला त्याच्याकडे असले तर असतात.

आमच्याकडे ते होते, आणि त्याचे श्रेय नानांचे आहे. नाना आमच्या कार्यालयाचे जुने ड्राफ्ट्समन. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी नकाशांच्या लोखंडी कपाटाची एक किल्ली अजून त्यांच्याकडेच असते आणि ती परत मागण्याची हिंमत आमच्यापैकी कोणीही केलेली नाही. १९६० च्या दशकातील नकाशे कागदावर नसून ट्रेसिंग क्लॉथवर आहेत. हे खळ देऊन पारदर्शक केलेले तलम कापड असते. एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने किंचित खरखरीत. त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी खळ विरघळून तेवढी जागा पांढरी पडते, आणि खळ असल्यामुळे त्याला कसरही लवकर लागते. म्हणून नाना प्रत्येक गुंडाळी पत्र्याच्या नळकांड्यात ठेवून आत कडुनिंबाची वाळलेली पाने घालतात. मी पत्र वाचून दाखवताच त्यांनी नोंदवही न उघडता कपाटाचा खालचा खण ओढला आणि तिसरे नळकांडे माझ्या हातात दिले.

नकाशा एका इंचाला आठ फूट या प्रमाणात होता. काळ्या शाईतील रेषा अजून ताज्या वाटत होत्या. अक्षरे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजी होती. पण पायाच्या नकाशावर प्रत्येक खांबाच्या चौकोनाशेजारी लाल पेन्सिलीने मराठीत बारीक नोंद केलेली होती: 'मुरूम ७ फूट ९ इंच', 'मुरूम ८ फूट २ इंच', एका कोपऱ्यात 'मुरूम ९ फूट, पाणी लागले'. त्या नोंदींचे हस्ताक्षर मूळ नकाशाच्या अक्षरांहून वेगळे होते.

ही लाल पेन्सिल आमच्या कार्यालयाची जुनी शिस्त आहे आणि ती समजण्यासाठी आमच्या संस्थापकांविषयी थोडे सांगावे लागेल. त्यांना सगळे थोरले साहेब म्हणत. मुंबईला जे. जे. मधून वास्तुशास्त्र शिकून ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस धुळ्याला परतले, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे बहुतेक जण मुंबईत स्थिरावले होते. खानदेशात त्या वेळी वास्तुविशारद हा प्रकार फारसा कोणाच्या परिचयाचा नव्हता. मान होता तो अभियंत्याला, आणि त्याला कारणही होते. कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१८ नंतर खानदेशचे मुख्यालय धुळ्याला केले आणि व्यापाऱ्यांना जागा देऊन नवी वस्ती वसवली, तेव्हापासून या भागातील सार्वजनिक बांधकामे सरकारी अंमलदारांच्याच हातून झाली. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झालेल्या विश्वेश्वरय्यांचे सुरुवातीचे एक मोठे काम म्हणजे पांझरा नदीपलीकडे पाणी नेणारा सायफन, ही गोष्ट धुळेकर आजही अभिमानाने सांगतात. इमारतीसाठी वेगळा माणूस कशाला, असा प्रश्न थोरल्या साहेबांना अनेक सभापतींनी तोंडावर विचारला होता.

ते स्वतः मात्र आपल्या व्यवसायाची सुरुवात फैजपूरला झाली असे म्हणत. १९३६ च्या डिसेंबरात तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. त्या वेळी वडिलांचे बोट धरून ते तेथे गेले होते. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून उभारलेल्या कमानी आणि मंडप त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. एवढ्या लहान मुलाला त्यातले काय कळले असेल, याविषयी मला थोडी शंका आहे. पण जवळ मिळेल त्या मालातून सार्वजनिक काम उभे करायचे हा त्यांचा हट्ट त्यांच्या प्रत्येक नकाशात दिसतो, हे खरे.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, पाठोपाठ नगरपालिका आणि बाजार समित्यांचे नवे कायदे आले, आणि गावोगावी सभा भरवायला, दप्तर ठेवायला, लिलाव करायला जागा लागू लागली. सरकारी इमारतींचे नमुना नकाशे बांधकाम खात्याकडून येत. नगरपालिका आणि बाजार समित्यांची कामे आमच्यासारख्यांकडे येत. पैसा कमी आणि सिमेंट त्याहून कमी, अशी स्थिती होती. सिमेंटवरील नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः उठले आणि पूर्णपणे १९८९ मध्ये. तोपर्यंत परवान्याच्या सिमेंटची गोणी मोजून वापरावी लागे. म्हणून आमच्या जुन्या इमारतींत खिडकीच्या तळापर्यंत काळ्या दगडाचे बांधकाम, त्यावर विटा, सांध्यात चुना आणि सिमेंटचे मिश्रण, आणि स्लॅब फक्त जेथे त्याशिवाय चालणारच नाही तेथे, असा क्रम दिसतो. पश्चिमेला खोल व्हरांडा आणि वर झरोके, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नगरपालिकेच्या सभा काही सकाळच्या थंड वेळी होत नाहीत.

राहिला पाया. तापीच्या खोऱ्यातील काळी माती कापसाला चांगली आणि इमारतीला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पृष्ठभागापासून साधारण साडेतीन मीटरपर्यंत ही हालचाल होऊ शकते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी बुडाशी फुगीर केलेल्या पाइलांची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, पद्धत शोधली होती आणि थोरल्या साहेबांना ती माहीत होती, पण त्या काळी तालुक्याच्या गावी तसा पाइल करायला ना अवजार होते ना कारागीर. म्हणून ते खड्डे खणून मुरूम लागेपर्यंत खाली जात आणि तेथून दगडी खांब वर आणत. मुरूम कोठे लागेल हे कार्यालयात बसून ठरवता येत नाही, एकाच इमारतीच्या दोन कोपऱ्यांत दोन-तीन फुटांचा फरक पडतो. म्हणून त्यांचा दंडक असा होता की, ओव्हरसियरने प्रत्येक खड्डा टेपने मोजायचा, खांब जमिनीवर आला की धुळ्याला यायचे आणि मूळ ट्रेसिंगवर लाल पेन्सिलीने तो आकडा स्वतःच्या हाताने लिहायचा. तो लिहिल्याशिवाय त्याचा प्रवासभत्ता मंजूर होत नसे, हे नानांनी हसत सांगितले.

पाहणीपूर्वी नगरपालिकेने मला संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाठवला. अहवाल प्रामाणिक होता. अभ्यासिकेच्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा, व्हरांड्याच्या छज्ज्याची उघडी पडलेली सळई, सभागृहाच्या एका तुळईवर गंजाचे डाग, सगळे छायाचित्रांसह नोंदवलेले होते आणि शेवटी 'इमारत वापरास अयोग्य' असा निष्कर्ष होता. मात्र त्यातील मीटरमधील आराखडा मी आमच्या फूट-इंचांच्या नकाशावर ठेवून पाहिला, तेव्हा पश्चिमेची एक पूर्ण खोली जास्त भरली. मोठ्या भेगांची सगळी छायाचित्रे त्याच खोलीची होती. तपासणी करणाऱ्यांना याचा दोष देता येणार नाही. समोर दिसते ती एकच इमारत होती, सगळीकडे सारखा गिलावा आणि सारखाच पिवळा रंग.

मी मुख्याधिकाऱ्यांना दूरध्वनी करून पाहणीच्या दिवशी दोन चाचणी खड्डे घेण्याची परवानगी मागितली, आणि त्यांनी ती दिली. ऊन्ह चढण्यापूर्वी काम आटोपावे म्हणून पहाटेच खणायला सुरुवात झाली. एक खड्डा सभागृहाच्या ईशान्य कोपऱ्याशी, जेथे लाल पेन्सिलीने ७ फूट ९ इंच लिहिले होते. दुसरा पश्चिमेच्या त्या जास्तीच्या खोलीशी. खणणाऱ्यांत एक वयस्कर गवंडी होता. त्याने खोलीच्या भिंतीवर कुदळीच्या दांड्याने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिले, सांध्याजवळचा गिलावा नखाने उकरला आणि म्हणाला, "हाई भीत नवी शे, मॅडम. जुनी भीत कोठेच फाटेल नही." म्हणजे ही भिंत नवी आहे, जुनी कोठेच फाटलेली नाही. समितीला पुढे बराच वेळ लागला तो हेच कागदावर आणायला.

अकराच्या सुमारास समिती आली: मुख्याधिकारी, नगर अभियंता, बांधकाम खात्याचे उपअभियंता, तंत्रनिकेतनाचे एक प्राध्यापक आणि दोन नगरसेवक. तोवर पहिला खड्डा तयार झाला होता. काळ्या दगडाचा खांब वरपासून खालपर्यंत सरळ दिसत होता आणि त्याच्याभोवती काळ्या मातीऐवजी मुरमाची भर होती. माती फुगली तरी खांबाला थेट रेटा बसू नये म्हणून ती टाकलेली असते. उपअभियंत्यांनी स्वतः टेप सोडला. मुरमाच्या थरापर्यंत मोजमाप दोन-अडीच इंचांच्या फरकाने जुळले, आणि एवढ्या वर्षांत आजूबाजूची जमीन तेवढी चढली असणे साहजिक होते. ते काही बोलले नाहीत, पण ट्रेसिंग मागून घेऊन त्यांनी उरलेले लाल आकडे आपल्या वहीत एकेक करून उतरवून घेतले.

दुसऱ्या खड्ड्यापाशी मला जास्त वेळ लागला. पाया तीन फुटांच्या आतच संपला होता आणि त्याखाली निव्वळ काळी माती होती. मे महिना, दहा-बारा पावलांवर अंगणात जमीन भेगाळलेली, आणि येथे मूठभर माती उचलली तर बोटांना चिकटत होती. वास आल्यावर पाणी कोठले हे सांगण्याची गरज उरली नाही. खोलीला लागून असलेल्या स्वच्छतागृहाचा चेंबर सांध्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो फुटलेला होता. म्हणजे जुन्या भिंतीजवळची माती बारमाही ओली राहून फुगलेली, आणि खोलीच्या दूरच्या टोकाची माती दर उन्हाळ्यात वाळून आकसणारी. खोली जुन्या इमारतीपासून बाहेरच्या बाजूला कलत होती. म्हणूनच सांध्यातील भेग वर रुंद आणि खाली अरुंद होती. त्यावर कळस म्हणजे पाण्याची सिमेंटची टाकी त्याच खोलीच्या छतावर बसवलेली होती.

प्राध्यापकांनी मग तुळईच्या काँक्रीटचा एक टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. काँक्रीटमधील क्षारता शाबूत असेल तर तो भाग गुलाबी होतो आणि आतील सळई अजून सुरक्षित आहे असे मानता येते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने क्षारता संपली असेल तर रंग चढत नाही. सभागृहाच्या चारपैकी तीन तुळया वरचा थोडा थर सोडून लगेच गडद गुलाबी झाल्या. चौथीवर, जेथे गंजाचे डाग होते, सळईच्या खोलीपर्यंत रंग आला नाही. व्हरांड्याच्या छज्ज्यावर तर काहीच उमटले नाही. तेथे साधी गुळगुळीत सळई वापरली होती आणि तिच्यावरचे आवरण जेमतेम अर्ध्या इंचाचे होते. तो छज्जा उतरवावाच लागेल असे मी समितीला सांगितले. आपल्या कार्यालयाचे काम म्हणून त्याची बाजू घेण्यात अर्थ नव्हता. १९८० च्या दशकात, सिमेंट खुले झाल्याच्या घाईत, आमच्याच नकाशावरून बांधलेले एक गोदाम पुढे पाडले गेले, तेही योग्यच झाले, असे माझे मत आहे. त्या काळी काँक्रीट मुबलक झाले, पण रेती कोठली आहे, पाणी किती ओतले जाते, हे पाहणारा माणूस जागेवर उरला नव्हता.

आता प्रश्न उरला तो पश्चिमेची खोली कोणी आणि कशासाठी बांधली हा. नगर अभियंत्यांना सांगता येईना. नाना सोबत आले होते आणि सावलीत बसून होते. हे काम आमचे नाही, एवढेच ते ठामपणे म्हणत होते. तेवढ्यात एक नगरसेविका आल्या. समितीत त्यांचे नाव नव्हते, पण त्यांच्या प्रभागातील मुली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी त्याच खोलीत बसत आणि खोली बंद झाल्यापासून त्यांची गैरसोय होत होती. त्यांनी प्रश्न ऐकला आणि म्हणाल्या, "ती खोली आम्हा बायकांसाठी बांधली होती, मॅडम. माझ्या सासूबाई तेव्हा सदस्य होत्या."

पुढचे त्यांनी सांगितले ते आमच्या कोणत्याही नोंदवहीत नव्हते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, नगरपालिकांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या, आणि निवडणुकीनंतर या सभागृहात एकदम अनेक महिला सदस्य बसू लागल्या. सभा चार-पाच तास चाले. इमारतीत महिलांसाठी स्वच्छतागृह नव्हते. सासूबाई आणि त्यांच्या सोबतच्या सदस्या सभेच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसत. त्यांनी सभेत विषय लावून धरला, आणि मार्चअखेर शिल्लक राहिलेल्या निधीतून घाईघाईने स्वच्छतागृह आणि बसायची एक खोली बांधण्यात आली. नकाशा नाही, पायाची चौकशी नाही, जुन्या भिंतीत खाचा करून नवा स्लॅब टेकवलेला. पुढे बसायच्या खोलीची अभ्यासिका झाली.

त्यांनी ट्रेसिंग पाहायला मागितले. मी ते टेबलावर उलगडून धरले आणि त्या बोट फिरवत महिलांचे स्वच्छतागृह शोधू लागल्या. मागच्या बाजूला एकच स्वच्छतागृह दाखवलेले होते आणि त्यावर 'मेंबर्स' असे लिहिले होते. मात्र सभागृहाच्या मागील भागात कमरेएवढ्या जाळीने वेगळा केलेला एक कप्पा होता, त्याला बाहेरून स्वतंत्र दार होते आणि त्यावर सुबक अक्षरांत 'लेडीज' लिहिले होते. महिलांनी येऊन सभा ऐकावी, याची सोय थोरल्या साहेबांनी १९६० च्या दशकात आवर्जून केली होती. त्या काळात ती पुरोगामीच म्हणावी लागेल. त्या सदस्य होऊन पुढच्या बाकावर बसतील आणि दुपारभर बसतील, हे त्यांच्या हिशेबात आले नव्हते. नगरसेविका बराच वेळ त्या कप्प्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे ऐकायला जागा होती," त्या म्हणाल्या, "बाकी सोय आमची आम्हीच करून घेतली." नाना खाली मान घालून ऐकत होते. ते अक्षर त्यांचेच होते.

सकाळपर्यंत मी मनाशी जो मजकूर जुळवत होते तो असा होता की, मूळ इमारत उत्तम, तिला बिघडवले ते नंतरच्या बेकायदा जोडकामाने. तांत्रिक दृष्टीने ते चुकीचेही नव्हते. पण ज्या खोलीमुळे इमारत धोक्यात आली ती खोली मूळ नकाशात जे राहून गेले होते त्याच्यामुळे उभी राहिली होती, आणि ते राहून गेले होते आमच्याकडून. प्रवेशाला सात पायऱ्या आहेत आणि उतार कोठेच नाही, हेही त्याच वेळी माझ्या लक्षात आले. साठच्या दशकातील आमच्या एकाही इमारतीला तो नाही. मी समितीपुढे पायाचे आकडे मांडले तेव्हा हेही मांडले, आणि ते टिपणात घ्यावे असा आग्रह धरला. उपअभियंत्यांना तो आग्रह अनावश्यक वाटला असावा, पण मुख्याधिकाऱ्यांनी तो मान्य केला.

चर्चा लांबली ती वेगळ्याच कारणाने. जागा गावाच्या मध्यावर, भर बाजारात आहे. एका सदस्याचे म्हणणे असे होते की, दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षा सगळेच पाडून खाली गाळे आणि वर सभागृह असे संकुल बांधावे, म्हणजे नगरपालिकेला उत्पन्न मिळेल. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. लहान नगरपालिकांच्या उत्पन्नाची स्थिती मला ठाऊक आहे. पण अशा संकुलांची कामे मी केली आहेत आणि त्यांत गाळ्यांचे लिलाव आधी होतात, सभागृहाचा मजला निधीअभावी नुसत्या खांबांवर थांबतो, हेही मी पाहिले आहे. ते मी तसेच सांगितले. असे संकुल आमच्याकडे आले असते तर शुल्क अर्थातच बरेच जास्त मिळाले असते, आणि नाना परतीच्या वाटेवर मला तेवढे ऐकवायला विसरले नाहीत.

समितीने शेवटी असे टिपण केले की, पश्चिमेची खोली, तिच्यावरील टाकी आणि व्हरांड्याचा छज्जा एवढ्याच भागाचे निर्लेखन करावे. सभागृहाच्या तुळयांचे काँक्रीटचे नमुने काढून प्रयोगशाळेत तपासावेत आणि तोपर्यंत सभागृह बंद ठेवावे. फुटलेली गटारजोडणी तातडीने बंद करावी. आणि महिलांचे स्वच्छतागृह व अभ्यासिका जुन्या भिंतीला न टेकता, मध्ये फट ठेवून, मुरमापर्यंत पाया नेऊन नव्याने बांधावी. उताराचा मार्ग त्यात जोडला गेला.

परत आल्यावर इतिहासाचा रकाना मी एका बैठकीत लिहून टाकला. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखालील नोंदणी, १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाल्यावर मिळालेली कामे, ज्यांपासून माझी स्वतःची सुरुवात झाली, हे सगळे त्यात आहेच. त्याखाली आमच्याकडे ज्या इमारतींच्या पायांची प्रत्यक्ष मोजमापे उपलब्ध आहेत त्यांची यादी जोडली, आणि शेवटी ज्यांत महिलांच्या स्वच्छतागृहाची वा उताराची सोय मुळात नव्हती अशा आमच्याच इमारतींची दुसरी यादी. आमच्या तरुण भागीदाराने दुसऱ्या यादीवर हरकत घेतली. अर्जात आपलेच उणे कोण लिहितो, असे त्याचे म्हणणे. पहिली यादी विभागाकडे गेली. दुसरी त्या त्या नगरपालिकांना वेगळ्या पत्राने पाठवली, आणि दोन ठिकाणांहून अंदाजपत्रकाची मागणी आली.

सभागृहाच्या काँक्रीटचे अहवाल पावसाळ्यात आले. तीन तुळयांना काही करावे लागणार नाही. चौथीला नव्या सळईचे आणि काँक्रीटचे वेष्टन द्यायचे आहे. पश्चिमेची खोली पाडून झाली आहे. स्वच्छतागृह आणि अभ्यासिकेच्या पहिल्या निविदेला कोणीच आले नाही, कारण काम लहान आणि पाया खोल. पायाच्या खोदाईचा दर वेगळा धरून अंदाजपत्रक सुधारल्यावर निविदा पुन्हा निघाली आहे. तोवर मुली जिल्हा परिषदेच्या शाळेच्या एका वर्गात बसतात, आणि तो वर्ग शाळेला दुपारच्या सत्रासाठी लागतो म्हणून त्यांना बारा वाजता उठावे लागते. त्याबद्दल नगरसेविकांचा आठवड्याला एक दूरध्वनी येतोच.